कमरेवरचा हात आणि उघडा गाल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या ठाणे पुरवणीत एका शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिल्याची बातमी होती, सोबत मोठा रंगीत फोटो. मैदानभर मुली रांगेत उभ्या, सगळ्यांचा उजवा हात समोर ताणलेला आणि डावी मूठ कमरेवर. बातमी वाचून बरं वाटलं, शाळेने वेळ काढला, सरांनी उन्हात उभं राहून शिकवलं, त्याबद्दल कुणालाच नावं ठेवायची नाहीत. पण त्या फोटोतला तो कमरेवरचा डावा हात काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. मोठं झालंय, काटछाट तुम्ही कराच.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर लोक म्हणणार हा कोण शहाणा. मी कळव्याला राहतो, नोकरी बेलापूरला, शाळेत असल्यापासून कराटे केलं आणि नोकरी लागल्यावर बॉक्सिंगच्या पोरांमध्ये जाऊन मार खाल्ला. आता रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोसायटीतल्या मुलामुलींना जे येतं ते शिकवतो. फी घेत नाही, बेल्ट देत नाही, त्यामुळे हे दोन क्लासवाल्यांचं भांडण समजू नका.

तर मुद्दा असा की ठोसा मारताना दुसरा हात कमरेवर ओढून घ्यायचा हे कराटेच्या पहिल्या दिवसापासून शिकवतात, त्याला हिकिते म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की तो हात तिथे का जातो ते कुणी सांगत नाही, आणि मग तीन महिन्यांच्या किंवा तीन तासांच्या स्वसंरक्षण शिबिरातसुद्धा तोच प्रकार जसाच्या तसा शिकवला जातो. मुलगी घरी काय घेऊन जाते? तर आपण मारतो तेव्हा आपला एक हात कमरेवर असतो आणि तोंडाची एक बाजू सताड उघडी. सवय अशीच लागते हो, अंग विचार करत बसत नाही, रांगेत जे हजार वेळा केलं तेच घाबरल्यावर बाहेर येतं.

परवाचीच गोष्ट. नववीतली एक मुलगी गच्चीवर आली, कराटेत ब्राऊन म्हणजे काळ्याच्या आधीचा बेल्ट आहे, ठोसा खरंच सुरेख, कोपर बाहेर जात नाही, कंबर फिरते, आवाज खणखणीत. मी दोन्ही हातात फोकस पॅड, म्हणजे शिकवणाऱ्याने हातात घालून ठोसे झेलायच्या गाद्या, घातले आणि म्हटलं मार. तिने उजवा मारला, डावा गेला कमरेवर, आणि त्याच क्षणी मी माझ्या दुसऱ्या हातातलं पॅड तिच्या डाव्या गालाला हळूच टेकवलं. पुन्हा उजवा, पुन्हा गालावर पॅड. चार-पाच वेळा झाल्यावर चिडून म्हणाली, "काका, तुम्ही असं मधेच कसं मारता?" मी म्हटलं, बाळा मारणारा मधेच मारतो, तो क्लाससारखं इची-नी-सान, म्हणजे जपानीत एक-दोन-तीन, मोजत थांबत नाही. मग तिच्या डाव्या मुठीत एक रुमाल दिला आणि सांगितलं की मूठ गालाच्या हाडाला टेकलेली ठेव, उजवा मारताना रुमाल गालापासून सुटला तर तो पंच धरायचा नाही. पहिल्यांदा ठोसा एकदम मरगळला, कारण तिला वाटत होतं जोर त्या मागे ओढण्यातूनच येतो. नंतर मागची टाच फिरवायला सांगितली, टाच फिरली की गुडघा, गुडघ्यामागे कंबर, मग खांदा, आणि पॅडचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा. रुमाल गालालाच होता.

इथे बरेच सर लोक न्यूटन काढतात. म्हणे एक हात मागे गेला की प्रतिक्रिया म्हणून दुसरा जोरात पुढे जातो, तिसरा नियम! ऐकायला छान वाटतं पण नीट मांडून बघा. डावा हात मागे ओढायला धड त्याला मागे खेचतं, म्हणजे त्याची प्रतिक्रिया डाव्या खांद्याला पुढे ढकलते, आणि उजवा ठोसा मारताना तर डावा खांदा मागे जायला हवा असतो, म्हणजे प्रतिक्रिया उलट्याच दिशेला. हां, तो हात कमरेशी येऊन थांबतो तेव्हा थोडा झटका धडाला फिरायला मिळतो, तेवढं खरं. पण मुख्य ताकद येते जमिनीकडून. मागचा पाय जमिनीला रेटतो, जमीन परत रेटते, ते कंबरेतून खांद्यात आणि खांद्यातून मुठीत जातं. न्यूटन लावायचाच तर पायाखाली लावा. बॉक्सर दोन्ही हात हनुवटीपाशी ठेवून माणसं झोपवतात ती काय जादूने? त्यांची मागची टाच उचलून फिरते ते बघा फक्त.

दुसरी गंमत वेगाची. ठोशाचा वेग सगळ्यात जास्त असतो तो हात पूर्ण सरळ झाल्यावर नाही, तर त्याच्या आधी, साधारण पाऊण लांबीला, कारण शेवटी स्नायूंना हात थांबवायचाच असतो, नाहीतर कोपराचा सांधा निखळेल. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग थोडा पडला तरी मार बराच पडतो. आता हवेत ठोसे मारणारी मुलं काय करतात, तर हात पूर्ण ताणून टोकाला कडक थांबवतात, ड्रेस फाडकन वाजतो, पालक खूश. त्यामुळे अंदाज असा बसतो की लक्ष्य हात संपतो तिथे आहे, जिथे वेग जवळपास शून्य. बॅगवर किंवा पॅडवर मारणाऱ्याला कळतं की लक्ष्याच्या चार बोटं आत मारायचं असतं. म्हणून माझं म्हणणं, कुठलाही क्लास असो, आठवड्यातून एकदा तरी पोरांच्या मुठीला काहीतरी लागू दे. कराटे जिथे जन्मलं त्या जपानच्या ओकिनावा बेटावरचे जुने लोक त्यासाठी मकिवारा म्हणजे पेंढ्याची दोरी गुंडाळलेली लाकडी पट्टी जमिनीत पुरून तिच्यावर मारायचे, हवेवर भागवत नव्हते.

मग तो हात कमरेवर आला कुठून? ओकिनावात अँको इतोसू नावाचे गुरुजी होते, त्यांनी 1901 च्या सुमारास कराटे शाळेत आणलं आणि 1908 मध्ये शिक्षण खात्याला पत्र लिहून त्याची बाजू मांडली. शाळा म्हटल्यावर पन्नास पोरं एका मैदानात, एका तालात, आणि शरीर कमवणं हा मोठा हेतू. अशा कवायतीत हात कमरेपासून कमरेपर्यंत नेणं फार सोयीचं पडतं, सरांना लांबूनसुद्धा कुणाचं चुकतंय ते दिसतं, कोपर बरगडीला घासून जायला शिकतं, खांदे वर चढत नाहीत. पुढे गिचिन फुनाकोशींनी 1922 मध्ये तोक्योला प्रात्यक्षिक दाखवलं आणि कराटे जपानच्या विद्यापीठांत पसरलं, तिथेही रांगा होत्याच. तिथून निघून ती रांग पार आपल्या वर्तकनगरपर्यंत आली.

आणि जुन्या काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, बारकाईने बघणारे बहुतेक जाणकार सांगतात की मागे येणारा तो हात मुळात रिकामा नव्हता. त्यात समोरच्याचं मनगट असायचं, बाही असायची, कधी केस. त्याला खेचून तोल घालवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने मारायचं, म्हणजे तो माणूस स्वतःच ठोशावर येऊन आदळतो. असं केलं तर कमरेवरचा हात एकदम शहाणा वाटायला लागतो, कारण समोरच्याचा एक हात तुमच्या ताब्यात असतो आणि तो किती लांब आहे हे न बघताच कळतं. हातात काही न धरता नुसतं खेचायचं म्हणजे पोहरा विहिरीत न सोडता रहाट ओढत बसायचा. गच्चीवर मी हे जोडीत करून घेतो, एकीने मनगट धरायचं, दुसरीने ते हिसकून कमरेपाशी न्यायचं आणि उघड्या पंज्याने छातीला टेकवायचं, लहान पोरींनासुद्धा दोन मिनिटांत पटतं. म्हणजे शिकवा ना हिकिते, पण समोर माणूस उभा करून शिकवा.

हात कुठे ठेवायचे हे खरं तर समोरून काय येऊ शकतं त्यावर ठरतं, याला शास्त्र वगैरे म्हणायची गरज नाही. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत तोंडावर ठोसा मारायला बंदी आहे, म्हणून ती पोरं हात खाली सोडून उड्या मारतात आणि त्यांच्या खेळात ते बरोबर आहे. बॉक्सिंगमध्ये लाथ नाही, कमरेखाली मारायचं नाही, म्हणून दोन्ही मुठी हनुवटीला आणि कोपरं बरगड्यांवर. थायलंडच्या मुय थाईमध्ये लाथा, गुडघे, कोपरं, मान धरणं सगळंच चालतं, मग हात आणखी वर आणि थोडे पुढे. चिनी विंग चुनवाले दोन्ही हात छातीच्या मधल्या रेषेवर एकामागे एक ठेवतात, मूठ उभी, जवळच्या अंतरावर पटापट मारायला. तोक्यो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आलं (पॅरिसला लगेच वगळलं, ते दुःख वेगळं), त्यातल्या कुमितेच्या म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या फाइट बघा, पुढे-मागे सरकताना एकाही खेळाडूची मूठ कमरेवर पडलेली दिसणार नाही, दोन्ही हात समोर असतात. म्हणजे कराटेचेच सर्वोत्तम लढवय्ये लढताना जे करत नाहीत ते आपण मुलींना स्वतःला वाचवायला म्हणून शिकवतोय. रस्त्यावर तर नियमच नाहीत, मग सगळ्यात आधी डोकं वाचवायला नको का?

कुणीतरी लगेच म्हणेल की बॉक्सर मुहम्मद अली हात खाली ठेवायचा. ठेवायचा, कारण त्याचे पाय तसे होते आणि मान मागे नेऊन इंचभराने ठोसा चुकवायची त्याची नजर तशी होती. तरी 1963 मध्ये हेन्री कूपरच्या लेफ्ट हूकने तो खाली बसला आणि 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला शेवटच्या पंधराव्या राऊंडमध्ये जो फ्रेझरच्या लेफ्ट हूकने आडवा झाला. अलीला परवडलं नाही ते आपल्या आठवीतल्या मुलीला कसं परवडणार. डोळ्याने बघून हात हलवायलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो, तेवढ्यात ठोसा पोचलेला असतो, तेव्हा हात आधीपासून जागेवर असेल तरच उपयोग.

आणि जागेचं काय? कमरेवरून ठोसा काढायला कोपर मागे जायला हवं. संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर किंवा ट्रान्सहार्बरच्या वाशी गाडीत चढताना कोपर मागे न्यायला जागा असते का हो? आपल्याकडच्या मुलींना त्रास होतो तो अशाच ठिकाणी, वीतभर अंतरावरून, मैदानात समोरासमोर वाकून नमस्कार करून नाही. तिथे हात छातीपुढे असलेलेच बरे.

आता मुठीबद्दल, कारण शिबिरात याच्याकडे कुणीच बघत नाही. अंगठा बोटांच्या आत घेऊन मूठ वळलेल्या मुली प्रत्येक बॅचला सापडतात, त्याने मारलं तर पहिला अंगठाच जाईल. अंगठा बाहेर, बोटांवर आडवा. मारायचं तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी, कारण त्या दोन बोटांची तळहातातली हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, अनामिका आणि करंगळीची सैल असतात, त्यांनी कडक जागी मारलं की करंगळीच्या गाठीमागचं हाड मोडतं, डॉक्टर लोक त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात आणि ते शिकलेल्या बॉक्सरपेक्षा भिंतीवर राग काढणाऱ्यांना जास्त होतं. मनगट सरळ, हाताची पाठ आणि कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत. ग्लोव्हजमध्ये वाकडं मनगटसुद्धा खपून जातं, म्हणून कधीकधी नुसतं बँडेज बांधून हळू मारून बघावं. बॉक्सिंगच्या 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्हज सक्तीचे केले, ग्लोव्हज आल्यावर कवटीवर बिनधास्त मारता यायला लागलं, उघड्या मुठीला कवटी झेपत नाही. आपल्या दांडपट्ट्याचं बघा, पट्ट्याची मूठ हातभर लोखंडी खोबणीत, मनगट हलायची सोयच ठेवलेली नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात ज्याने पट्टा फिरवलाय त्याला मनगट का लॉक ठेवायचं हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं मत, आणि यावर भांडायला मी तयार आहे, की कमी दिवसांच्या शिबिरात मुलींना मूठ शिकवूच नये. मूठ बनायला काही महिने लागतात. तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, तो जन्मतःच तयार असतो, त्याने हनुवटीखाली किंवा नाकावर मारलं तर स्वतःची बोटं मोडत नाहीत. बंद मुठीची खालची बाजू खलबत्त्यात कुटतो तशी वापरता येते, आणि अगदी अंगाला भिडला तर कोपर. हे तिन्ही प्रकार छातीपुढच्या हातांतूनच निघतात, मागे काही न्यावं लागत नाही.

आणि सुरुवात कशी करायची तेही सांगतो कारण खरं कौशल्य तिथेच आहे. एक पाय मागे, गुडघे सैल, दोन्ही हात छातीच्या उंचीवर पुढे, पंजे उघडे, आणि मोठ्याने "अहो, मागे व्हा". लांबून बघणाऱ्याला वाटेल मुलगी थांबवतेय, समजावतेय, मुठी वळून मारामारीला उभी आहे असं वाटणार नाही. समोरच्याला चिथावणी मिळत नाही, आजूबाजूच्या दहा जणांना कळतं की ही नको म्हणतेय, आणि तिचे हात मात्र नेमके हवे तिथे आहेत, त्याच्या आणि तिच्या चेहऱ्याच्या मध्ये. तो हातांना ढकलून पुढे आला तर अंतर किती ते हातालाच कळतं. मारलं की थांबून निकाल बघायचा नाही, पळायचं, उजेडाकडे, गर्दीकडे. ही गोष्ट कराटेतल्या कुठल्याही शैलीच्या विरोधात नाही, उघड्या हाताच्या कितीतरी पोझिशन कातांमध्ये आहेतच.

सरकारी शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षाखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, कालावधी साधारण तीन महिने. तीन महिन्यांत सगळं येत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, मग त्यातला निम्मा वेळ कमरेवरून हवेत ठोसे आणि शेवटी पाहुण्यांसमोर कौलं फोडून दाखवण्यात का घालवायचा? कौल हलत नाही, उलट मारत नाही आणि चांगलं वाळवून ठेवलेलं असतं. त्या कौलांच्या खर्चात चार फोकस पॅड येतील. शाळेला पॅड परवडत नसतील तर जुनी जाड दप्तरं चालतात, आम्ही चालवलीत, आत चादर कोंबायची आणि पट्ट्यातून हात घालून धरायचं.

पालकांना एकच विनंती. घोडबंदर रोडच्या क्लब हाऊसमधला महागडा क्लास असो, नाहीतर कोपरीतल्या मैदानातला, एक दिवस अर्धा तास बाजूला उभं राहून बघा, किंमत, सर्टिफिकेटं, भिंतीवरचे फोटो सगळं विसरून. मुलं एकमेकांसमोर उभी राहतात का, की कायम सरांकडेच तोंड? मारून झाल्यावर हात चेहऱ्याजवळ परत येतो का? सरांना सरळ विचारा, हा दुसरा हात कमरेवर कशाला? चांगले सर या प्रश्नावर चिडत नाहीत, तुमच्याच मुलाचं मनगट धरून खेचून दाखवतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत असे सर आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकलोय. "पहिल्यापासून असंच आहे" एवढंच उत्तर मिळालं तर मात्र फीची पावती फाडायच्या आधी दुसरा एखादा क्लास बघून या.

तुम्हालाही एक सुचवतो संपादक साहेब. पुढच्या वेळी अशा शिबिराला फोटोग्राफर पाठवाल तेव्हा रांगेचा फोटो काढू नका, तो सगळीकडे सारखाच येतो. जोडीत सराव चालू असेल तेव्हा काढा, एकीच्या हातात पॅड आणि दुसरीचा पंजा त्यावर लागलेला. आणि जोडीचा सराव झालाच नसेल तर बातमीत तसं लिहा, शाळांना वाचून पुढच्या वर्षी काय मागायचं ते कळेल.

कळावे,
एक वाचक, कळवा (ठाणे)